येसूचा अनंत

आसरेबंदरामागची घाटी चढून गेले की फणसाच्या सावलीत एक झरा लागतो आणि झऱ्याकाठी अनंताचे जुने झुडूप. पाने बारा महिने हिरवीगार, वैशाख आला की पांढरीशुभ्र फुले. पाहुणे हमखास विचारतात, दर्यावर्दींचे एवढे मानाचे झाड, आणि इथून समुद्र कसा दिसत नाही? दिसत नाही, म्हणूनच तर गोष्ट आहे.

शिडाच्या गलबतांचा काळ होता. गलबत हाकणाऱ्या जानू तांडेलाने हे रोप मलबारातून कुंडीत घालून आणले, असे सांगतात. लग्नाला वर्षही झाले नव्हते. पुन्हा दर्यावर निघताना तो बायकोला, येसूला, म्हणाला, "ह्याका पयला फूल येतला, तेवा मी दारात आसतलंय."

झाले! येसूचा जीव त्या रोपात अडकला. सकाळी ती कुंडी कडेवर घेऊन धक्क्यावर जाई, संध्याकाळी परत आणी. नवऱ्याचे शीड दिसले तर तिला आणि रोपाला एकदमच दिसावे. आणि दर्यावर जगणाऱ्या गाबिताची लेक ती! दर्याने दिलेले दर्याच्याच पाण्यावर वाढणार, असे धरून ती मुळाशी खाडीचे पाणी घाली. पाने पिवळी पडली. मिऱ्याएवढ्या कळ्या धरत आणि गळून जात.

शेवटी सासू गोदाबाय म्हणाली, "गो बाय, खाऱ्या वाऱ्यार वाडता तो माड. ह्याका गोडा पाणी होया, दुपारची सावली होयी. आणि कळी धरलेला झाड असा रोज हलवू नये. वर झऱ्यार लाव."

"थयसून दर्या खय दिसता?" येसू रडकुंडीला आली.

"मगे काय ता तूच ठरव. दर्या बघूचो, काय फूल."

येसूने फूल निवडले. झऱ्याकाठी, पाणी साचणार नाही अशा उतारावर, कुजका पाला मिसळून तिने रोप लावले. मुळाशी आंबट ताक पातळ करून घातले. मग बंदरावरच्या साऱ्या तांडेलांना विनवले, "माका हयसून दर्या दिसणा नाय. भायरसून येतलास तेवा हाक मारा."

झाडाने जीव धरला. पुढच्या वैशाखात पहिले फूल उमलले आणि पहाटेच्या वाऱ्यावर त्याचा वास खाडीच्या मुखापर्यंत गेला. आभाळ अवेळी भरून आले होते, किनारा दिसत नव्हता. वाट चुकलेले एक गलबत म्हणे त्या वासाच्या मागाने आत आले, आणि खालून हाक उठली, "येसू, इलंव गो!"

येसू धावत उतरली. तिने एकेक चेहरा पाहिला. सगळे दुसऱ्यांचे नवरे होते. ती तिथेच धक्क्यावर बसून पोटभर रडली, मग झाडाला पाणी घालायचे राहिले म्हणून वर गेली. ते फूल तिने तोडले नाही. जानूला ते फांदीवरच दिसावे म्हणून.

तशी ती म्हातारी होईपर्यंत प्रत्येक हाकेला उतरत राहिली. जानू आला नाही.

आजही वाडीतल्या नव्या नवऱ्या पावसाळ्यात या झाडाची फांदी नेऊन गोड्या पाण्यावर लावतात. पहिले फूल देवालासुद्धा वाहत नाहीत, ते जानूचे. आणि होडी खाडीच्या मुखाशी आली की तांडेल आजही आपल्या बायकोला नाही, आधी येसूला हाक मारतो. हाक ऐकून बायका घाटीच्या पायथ्याशी गोळा होतात, पण लगेच बंदराकडे धावत नाहीत. पायवाट सोडून क्षणभर कडेला उभ्या राहतात. येसूला पुढे जाऊ देतात.