परीच्या छडीचं चार्जिंग संपलं

टिकलीएवढ्या एका गावात, तळ्याकाठच्या लाल कौलांच्या घरात बकुळ राहायची. तिचे बाबा लाकडाची खेळणी करायचे. पिवळे भोवरे, हिरवे राघू, नखाएवढ्या कपबश्या! घरची एक रीत होती. नवं खेळणं आधी बकुळनं खेळायचं, मगच ते बाजारात जायचं. "न खेळलेलं खेळणं म्हणजे नुसतं लाकूड," बाबा म्हणायचे.

पण समोर झगमगशेठचं दुकान निघालं आणि बाबांचे भोवरे फळीवरच बसून राहिले. शेठकडे बोलणारी अस्वलं होती, नाचणारे रोबो होते, बोट लावलं की उजळणाऱ्या काचेच्या पाट्या होत्या. शेठ पोरांना फुगा फुकट द्यायचा आणि रडायचंही शिकवायचा. "हुंदका आधी, लोळण नंतर. घरी पाहुणे असले तर फारच उत्तम!" गावभर पोरं अगदी तश्शी लोळत होती.

"उद्याच्या जत्रेत भोवरे खपले नाहीत ना बकू," बाबा म्हणाले, "तर हे लाकूड कातायचं यंत्र विकायचं आणि मी शेठकडे फुगे फुगवायचे."

बकुळ गुपचूप बनात गेली. लाखेच्या रंगावर चकाकी आणायला बाबांना केवड्याचं पान लागायचं. बघते तर काय, केवड्याखाली एक चिमुकली परी! जांभळे पंख, चांदण्यांचा झगा आणि फुगलेले गाल. हातातली चकचकीत छडी ती दगडावर आपटत होती.

"परीताई, काय झालं गं?"

"चार्जिंग संपलं!" परी मुसमुसली. "माझी लाकडी छडी घेऊन शेठनं ही दिली. गाणी म्हणते, वेळ सांगते. इच्छा सांगितली की म्हणते, 'कृपया थांबा.' सकाळपासून थांबलेय! छडीवाचून मला उडता येत नाही. घरी कशी जाऊ?"

घरी लाकडाचा एकच तुकडा उरला होता. त्यातून बकुळच्या भातुकलीचं पोळपाट-लाटणं व्हायचं होतं. तरी बकुळनं परीपुढे हात केला. "चल, बाबा छडी करून देतील."

यंत्र गरगरलं, लाख वितळली, छडी पिवळीधमक झाली. केवड्याचं पान फिरलं आणि छडीत परीला स्वतःचं नाक दिसू लागलं. तिनं हात पुढे केला.

"अंहं," बाबा म्हणाले. "आधी बकू खेळणार."

"अगंबाई! मग पहिली इच्छा हिचीच," परी म्हणाली. "पण एकच हं. स्वतःसाठी मागायचं नाही आणि कुणाचं काही मोडायचं नाही."

बकुळ विचारात पडली. भोवरे खपावेत? ते स्वतःसाठी. शेठची खेळणी बंद पडावीत? ते मोडणं. शेवटी तिनं छडी फिरवली. "उद्या जत्रेत शेठच्या खेळण्यांनी फक्त खरं बोलावं!"

छडीतून गुलाबी, निळे, सोनेरी शिंतोडे उडाले.

दुसऱ्या दिवशी गंमत बघायला परीही बकुळच्या खांद्यावर बसून जत्रेत आली. शेठनं अस्वलाची कळ दाबली. अस्वल म्हणालं, "मला चारच वाक्यं येतात, बाळा. परवापर्यंत तीही जातील."

रोबो म्हणाला, "नाचणार मी, तू नुसता बसणार. तुला काय रे मजा?"

काचेची पाटी हळूच म्हणाली, "भोवरा माझ्यातही आहे, पण तळहातावर नाही घेता येत."

"गप! गप बसा!" शेठ धावला.

"शेठ, तुमचा नातू घरी कशाशी खेळतो, सांगू?" अस्वल म्हणालं. "वाटी-चमच्याशी!"

जत्रा खदखदून हसली. पोरं वळली ती थेट बाबांच्या टोपलीकडे. गरगर गरगर, धुळीत रंगांची चक्रं फिरू लागली. टोपलीत एकच भोवरा उरला, तेव्हा परीची जुनी छडी हातात घेऊन शेठ आला.

"ही घ्या परीताई, तुमची. आणि... नातवासाठी तेवढा भोवरा..."

"हुंदका आधी, काका!" बकुळ म्हणाली आणि हसत हसत तिनं भोवरा त्याच्या हातावर ठेवला.

परीनं जुनी छडी बकुळच्या ओंजळीत टाकली, नवी उंचावली. सोनसळी उजेड झाला आणि त्या उजेडात परी विरघळून गेली. बकुळ ओंजळीत बघते तर छडीच्या जागी इवलंसं पोळपाट-लाटणं!

घरच्या रीतीनं बकुळ लगेच खेळायला बसली. आणि म्हणतात की तिनं लाटलेली ती पहिली खोटीखोटी पोळी खरोखरीच्या पोळीसारखी टम्म फुगली.