वासाचे पाणी

एका राज्यात, त्याचे नाव मला कुणी सांगितले होते की नाही हे आता आठवत नाही, एक धुमसता डोंगर होता. त्याच्या पायथ्याशी उकळत्या पाण्याचे कुंड होते आणि त्या पाण्याला सडक्या अंड्यांचा वास येत असे. हा वास मूळ गोष्टीतला की माझ्या पदरचा, याची मला खात्री नाही. पण तो काढला की पुढचे काही जुळत नाही, म्हणून राहू देतो.

तिथला राजा अमोघसेन. त्याला घाणीचा तिटकारा. त्याने कायदाच केला होता की राजवाड्यात येणारी प्रत्येक वस्तू वेशीवर उघडून दाखवावी, निववावी आणि तिचा वास घालवावा. शेवटी त्याने कुंडावरही शिळा बसवली.

कुंडाचा राखणदार गह्वर नावाचा मांत्रिक. तो दरबारात आला आणि म्हणाला, "राजा, तू डोंगराचा श्वास कोंडलास. तुझ्या घरातलाही कोंडेल."

त्या दिवसापासून राजकन्या कुंदलता पायांपासून दगड होऊ लागली. पांढरा, दुधी दगड.

राजाने मांत्रिकाचे पाय धरले. गह्वराने त्याला एक काळा कुंभ दिला. "शिळेच्या फटीतून हा खाली सोड. पाताळातले सोने पाण्यात विरघळून असते. ते पाण्यातून सुटायच्या आत तिच्या पायांवर घाल. आणि दुसऱ्या कुणाला पाठवू नकोस."

राजा गेला, कुंभ भरला, झाकण घट्ट आवळले आणि खांद्यावर घेऊन परतला. वेशीवर दरोगा आडवा आला.

"महाराज, उघडून दाखवावं लागतं. आपलीच आज्ञा."

राजाने झाकण उघडले. पाणी एकदम खळखळून उसळले, वाफ झाली आणि कुंभाच्या काठावर पिवळी खपली धरली. उरलेले पाणी राजकन्येच्या पायांवर ओतले. काही झाले नाही. दगड गुडघ्यापर्यंत आला.

राजा पुन्हा गेला. या वेळी झाकण उघडले नाही. पण ऊन वस्तू राजकन्येच्या अंगाला लावायची नाही, म्हणून दाईने कुंभ नदीत निवत ठेवला. मग उघडला तर वर निवळशंख पाणी आणि तळाशी पिवळा गाळ. दगड कमरेपर्यंत आला.

तिसऱ्या खेपेला राजाने कुंभ घोंगड्यांत गुंडाळून कढत आणला. पण दारातच राजवैद्याने नाकाला उपरणे लावले. "महाराज, नुसतं सुईएवढं भोक पाडू. वास तेवढा जाऊ दे." वास गेला. वासामागोमाग सोने पाण्यातून सुटले आणि तळाशी कणाकणाने बसले. दगड गळ्यापर्यंत आला.

राजा कुंडाशी जाऊन बसला. त्याचे खांदे सोलवटले होते. आता उठावे असे त्याला वाटेना. शिळेवर एक टिटवी उभी होती.

"काय रे म्हाताऱ्या, दमलास?"

"दमलो, बाई."

"पाणी कढत असतं, कोंडलेलं असतं, घाणेरडं असतं, तोवर सोनं त्याच्या कडेवर बसतं. तुझ्या घरचे शिष्टाचार त्याला वाटेतच खाली उतरवतात."

"मग मी काय करू? झाकण कधीतरी उघडावंच लागणार."

"उघड की. कुठे उघडायचं ते मात्र तू ठरव. मी पक्षी आहे, सगळं मीच सांगू?"

राजाने कुंभ शिळेपाशीच ठेवून दिला. मग तो उठला.

राजा राजकन्येला कुंडाशी न्यायला आला, तसे तिच्या महालात दरोगा, दाई आणि वैद्य एकदम बोलू लागले. "महाराज, राजकन्या त्या घाणीत?"

"बाजूला व्हा," राजा म्हणाला. "कायदा माझा होता. मी मोडतो."

कुंदलतेचे ओठ तेवढे हलत होते. "बाबा, मी जड झालेय. तुम्हाला पेलवणार नाही."

"लहानपणीही तू हेच म्हणायचीस. आणि उतरायची मात्र नाहीस."

त्याने तिला पाठीवर घेतले. वाटेत तो पुष्कळदा बसला, पुष्कळदा उठला. मधेच कधीतरी तिचे ओठ थांबले. तो चालत राहिला.

कुंडाशी त्याने तिला काठावर उभे केले. हातांनी शिळा हलेना, तेव्हा तिला धरून पाठ लावली. शिळा सरकली. कोंडलेले पाणी गर्जत वर आले, तिच्या पायांशी उकळी फुटली आणि पाण्यातले सोने तिथेच, तिच्याच अंगावर सुटू लागले. पांढऱ्या दगडाला तडे गेले. तड्यातड्यांतून पिवळी रेघ वर चढली. राजाचे हात कोपरांपर्यंत भाजले, पण त्याने तिला सोडले नाही.

दगडाचे कवच गळून पडले. कुंदलतेने खोल श्वास घेतला आणि तोंड वाकडे केले.

"शी! बाबा, केवढी घाण येतेय!"

राजा हसू लागला आणि हसता हसता खाली बसला.

गह्वराने शाप मागे घेतला. कुंड पुन्हा उघडे वाहू लागले, वेशीवरचा कायदा उठला, आणि वारा फिरला की राजवाड्यातही तो वास येऊ लागला. राजकन्येच्या पावलांवर बारीक सोनेरी रेघा राहिल्या त्या राहिल्याच.

पुढे पुष्कळ वर्षांनी, राहवेना म्हणून, मी जाणकारांना विचारले, ग्रंथही चाळले. ज्वालामुखीच्या मुलखात जमिनीखालचे कढत पाणी सोने खरोखरच वाहून नेते. दाब सुटून उकळी फुटली की ते पांढऱ्या गारगोटीच्या भेगांत उतरते. आणि तोवर पुष्कळदा त्याला पाण्यात धरून ठेवणारा असतो तो गंधकच, ज्याच्यामुळे पाण्याला सडक्या अंड्यांचा वास येतो.