पोशीबायचं लाल लुगडं

फार वर्षं झाली त्याला. देश नुकता आपला झाला होता आणि खुरणबंदरच्या कोळीवाड्यात पहिला तिरंगा आला होता. खादीचा, कोरा करकरीत! कोळ्यांना बावट्यांची सवय. बावटा होडीला बांधायचा, नाचताना कमरेला गुंडाळायचा. पोरं तिरंग्याचंही तसंच करायला निघाली.

तेव्हा शिडं शिवणारी पोशीबाय कडाडली, "मेल्यांनो, नेसायचं लुगडं हाय काय ते? हौस हाय तर कागदाचा लावा, डाव्या छातीवर, केशरी वर!" तालुक्याला जाऊन ती सगळं विचारून आली होती. झेंडा चढवायचा झपाट्यानं, उतरवायचा सावकाश, भुईला टेकवायचा नाही, दिवस मावळायच्या आत खाली घ्यायचा. तिच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की दर्यासुद्धा मागं सरायचा, असं म्हणतात.

त्या वर्षी नारळीपुनव आधी झाली, होड्या दर्यात गेल्या आणि मागून पंधरा ऑगस्ट, झेंड्याचा दिवस आला. बंदराच्या टोकावरच्या उंच डोलकाठीवर तिरंगा चढला. पोशीबाय लग्नातलं लाल लुगडं नेसून, छातीवर कागदी झेंडा लावून मिरवत होती. दुपारनंतर मात्र वारा फिरला. पावसानं खाडीचं तोंड दिसेनासं झालं. तिथं खडक, आणि होड्या बाहेरच! पोशीबायचा नवरा धर्मा, एका होडीचा तांडेल म्हणजे म्होरक्या, त्यांतच होता.

सगळा वाडा टोकावर जमला. होड्यांना खूण एकच, तो झेंडा. आणि दिवस तर कलला.

"आज ऱ्हाऊ दे वर," लोक म्हणाले. "कोण बघतंय?"

पोशीबाय म्हणाली, "झेंडा देशाचा, त्याला वेळेवर घरी न्यायचा. माणसं माझी, त्यांच्यासाठी माझं लुगडं जाईल वर."

बायांनी जुन्या शिडाचा आडोसा धरला. पोशीबाय बाहेर आली ती अंगाला ठिगळाचं शीड गुंडाळून. कागदी झेंडा तेवढा आठवणीनं शिडावर, डाव्या छातीशी लावला होता. कुणी हसलं नाही. तिनं तिरंगा सावकाश उतरवला, केशरी नि हिरवा पट्टा पांढऱ्याखाली दुमडला, चक्र वर ठेवलं आणि घडी तळहातांवर घेऊन पेटीत ठेवली. मग मोकळ्या दोरीला लुगडं बांधलं आणि ओढलं.

असं म्हणतात, की ते नऊवारी लुगडं वाऱ्यावर उलगडतच गेलं. डोलकाठीवरून सुटलं ते खडकांवरून पार खाडीच्या तोंडाशी पोचलं. पावसात पेटल्यासारखं लाल दिसत होतं. त्याच्या कडेकडेनं होड्या आत आल्या, एकूण एक. लुगड्याच्या पार चिंध्या झाल्या.

धर्मा तांडेल उडी मारून उतरला. शिडात गुंडाळलेल्या बायकोकडे बघतच राहिला. मग त्याची नजर झेंडा नसलेल्या दोरीकडे गेली.

"झेंडा?" त्यानं विचारलं.

"पेटीत हाय. घडी मोडली नाय," ती म्हणाली, आणि तेव्हा कुठं रडली.

पोशीबाय गेली त्याला जमाना झाला. पण बाय, तुझे उपकार खुरणबंदर विसरलेलं नाही! अजून दर पंधरा ऑगस्टला झेंडा सावकाश उतरतो, घडी होईस्तोवर पोरंटोरंही हलत नाहीत. मग वाड्यातली नवी सून आपलं लग्नातलं लाल लुगडं त्या दोरीला बांधते. शेवटची होडी धक्क्याला लागेपर्यंत ते वर राहतं. आणि होडीतून उतरणारा तांडेल घरच्यांना भेटण्याआधी विचारतो, "झेंडा पेटीत हाय ना?"