सुभाना कुंभाराचे भाऊबंद

डोंगराच्या पायथ्याला एक गाव होतं आणि त्या गावात सुभाना नावाचा एक भोळा कुंभार राहायचा. हातात कला होती. चाकावर चिखल ठेवला की माठ असा उतरायचा की बघत राहावं. डोक्याचं मात्र निराळं होतं. सांगितलेलं तो कधी विसरायचा नाही, आणि भलत्याच ठिकाणी वापरल्याशिवाय राहायचा नाही.

घरात तो आणि त्याची आई चंद्राबाई, दोघंच. आईला एकच घोर लागलेला, पोराचं लग्न. दोन स्थळं मोडली होती. आता तिसरं आलं होतं, पलीकडच्या गावच्या दाजीबा कुंभारांची हौसा. हौसानं बाजारात सुभानाचा माठ वाजवून बघितला होता आणि जाता जाता सुभानालाही नीट बघून घेतलं होतं. दोन्ही तिला पक्के वाटले. आता दाजीबा घर आणि मुलाचं काम बघायला यायचे होते.

त्याच दिवसांत सुभाना शाळेत माठ द्यायला गेला. तिथं पाखरे मास्तर आणि देवळातले बुवा यांची जुंपली होती. बुवा म्हणत होते, मडक्याला जसा कुंभार, तसा प्रत्येक प्राण्याला घडवणारा. देवानं गाय ही गाय म्हणूनच केली आणि वाघ हा वाघ म्हणूनच. मास्तर म्हणत होते, अहो, मडक्याला पिल्लं होत नाहीत, प्राण्यांना होतात. पिल्लू आईबापापेक्षा जरा वेगळं निघतं, ज्याचं निभतं त्याचा वंश चालतो, आणि लाखो वर्षं असं चाललं की एकाचं दुसरंच होऊन बसतं. कुणी हात लावावा लागत नाही.

सुभानाला हे फार आवडलं. केवढे कष्ट वाचले! दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं चाकाशेजारी चिखलाचा ढीग घातला आणि हाताची घडी घालून समोर बसला. दिवस कलला तेव्हा आईनं विचारलं, हे काय चाललंय?

"माठ होतोय," सुभाना म्हणाला. "लाखो वर्षं लागतात. मी सकाळपासूनच बसलोय."

आईनं कान धरून त्याला मास्तरांकडे नेलं. मास्तरांनी कपाळाला हात लावला. अरे बाबा, ते जिवंत जनावरांचं झालं. ती पिढ्यान्‌पिढ्या आपली आपण बदलतात. चिखलाला तुझाच हात लागायचा. सुभाना म्हणाला, बरं, आता तसं करीन.

त्यानं चाळीस मडकी घडवली. एकाहून एक. तेवढ्यात त्याचं गाढव दावं तोडून शेजारच्या हरभऱ्यात शिरलं. सुभाना बांधावर उभा राहून कौतुकानं बघू लागला. शेजारी बोंबलत आला, अरे, हाकल की त्याला!

"ते जिवंत आहे," सुभाना म्हणाला. "हात लावायचा नाही. आपलं आपण बदलेल."

गाढव काही बदललं नाही. हरभरा तेवढा संपला.

पुन्हा कान, पुन्हा मास्तर. या वेळी बुवा तिथंच होते, त्यांना आयतंच सापडलं. ते म्हणाले, बघा तुमच्या शिकवणीचं फळ. शेवटी तो नुसता सिद्धांत, म्हणजे अंदाजच की.

मास्तर तापले. "बुवा, अंदाज वेगळा आणि सिद्धांत वेगळा. किती वर्षं झाली, लोक तो मोडायला बघतायत. हाडं तपासली, दगडातले ठसे तपासले, तरी तो टिकला. मोडायचा इतका प्रयत्न करूनही जो मोडत नाही, त्यालाच आम्ही सिद्धांत म्हणतो."

सुभाना ऐकतच राहिला. इतके दिवस तो मडक्याला टिचकी मारून पक्कं म्हणायचा. किती कच्चं काम! मडकी भाजून निघाली, तांबडीलाल. सुभानानं काठी घेतली. आई पाणी घेऊन परत येते तो अंगणभर खापऱ्याच खापऱ्या, आणि मधोमध एक जाड बुडाचा, ओबडधोबड रांजण तेवढा शाबूत.

"आई," सुभाना आनंदानं म्हणाला, "हा सिद्धांत निघाला."

आई त्या खापऱ्यांतच बसली आणि रडायला लागली. उद्या दाजीबा येणार, त्यांना दाखवायचं काय? मग सुभानालाही रडू आलं. हौसा त्याच्याही मनात भरली होती, फक्त कुणी विचारलं नव्हतं म्हणून तो बोलला नव्हता.

पण नशीब बघा. दाजीबांनी तो रांजण वाजवला, हलवला, वर पाय देऊन उभे राहिले. एवढा पक्का रांजण त्यांनी उभ्या जन्मात बघितला नव्हता. काम पसंत पडलं. मात्र एक अट त्यांनी घातली. सुपारीला मुलाचे भाऊबंद हजर पाहिजेत. त्यांच्यातल्या वडीलधाऱ्यानं ताटातली सुपारी उचलायची, म्हणजे स्थळ पसंत, अशी त्यांच्याकडची रीत. ज्याच्या मागं कुणी नाही त्या घरात लेक देणार नाही. परवा येतो, म्हणाले, आणि गेले.

भाऊबंद एकही नव्हता. सुभाना मास्तरांकडे जाऊन खाली मान घालून बसला. मास्तरांना दया आली. ते समजुतीनं म्हणाले, "असा खचू नकोस. जगात कुणी एकटा नाही. सगळे जीव एकाच मुळाचे. डोंगरावरची ती वानरं बघ. लोक म्हणतात तसा वानर काही आपला आजोबा नव्हे, पण लांबचा भाऊबंद आहे."

सुभानाचा जीव भांड्यात पडला. मास्तर तपासल्याशिवाय बोलत नाहीत, हे त्याला माहीत होतं.

ठरल्या दिवशी दाजीबा चार माणसं घेऊन आले. मास्तर आले, बुवाही आले. ताटात सुपारी ठेवली, शेजारी गूळ-खोबरं. आणि सुभाना डोंगरावरून खाली आला. डोक्यावर फुटाण्याची पाटी, मागं वीस वानरं. ती कौलांवर चढली, ओसरीवर बसली, एकानं दाजीबांचा फेटा उतरवून घेतला.

"हे कोण?" दाजीबांनी विचारलं.

"माझे भाऊबंद."

बुवांना राहवलं नाही. त्यांनी विचारलं, पुरावा काय? तेवढ्यात दोन वानरं खोबऱ्याच्या वाटीवरून एकमेकांच्या झिंज्या उपटायला लागली.

"वाटणीवरून भांडतायत," सुभाना म्हणाला. "आणखी काय पुरावा पाहिजे?"

दाजीबांचं स्वतःच्या भावाशी विहिरीच्या काठच्या वीतभर जागेवरून अकरा वर्षं बोलणं नव्हतं. ते त्या वानरांकडे बघत राहिले आणि मग असे हसले की डोळ्यांतून पाणी आलं. म्हणाले, पटलं बाबा, दिली लेक. आईनं पदर डोळ्यांना लावला. बुवासुद्धा हसले. सगळं जुळलं होतं. सुभानानं आता फक्त गप्प बसायचं होतं.

"मामा, जरा थांबा," सुभाना म्हणाला. त्यानं कौलांवरच्या पांढऱ्या मिशांच्या थोराड हुप्प्याकडे बोट दाखवलं. "हे दादा वयानं मोठे आहेत आणि अजून बिनलग्नाचे दिसतात. थोरल्याच्या आधी धाकट्यानं बाशिंग बांधायचं नसतं. हौसासाठी आधी त्यांना विचारा."

हुप्प्या सावकाश खाली उतरला, ताटापाशी आला, सुपारी उचलली आणि गालात कोंबली.

सुभानानं वाकून त्याला नमस्कार केला.

"बघा मामा," तो म्हणाला, "दादांना स्थळ पसंत आहे."