कुरणाभोवतीचं कुंपण

माणूस शिकारीवर जगत होता, तेव्हाची गोष्ट. नदीकाठच्या कुरणात काजळी नावाची म्हातारी हरिणी कळपासह राहायची. एकदा माणसं आली आणि शिकार न करता काठ्यांनी जमीन उकरून दाणे पेरू लागली.

"आजी, त्यांनी भाले खाली ठेवले! आता कसली भीती?" तिची नात भुरी म्हणाली.

काजळी म्हणाली, "शिकार झाली की माणसं निघून जायची, पोरी. या वेळी त्यांनी झोपड्या बांधल्यात."

पीक वाढलं, तशी माणसांनी भोवती काट्यांचं कुंपण घातलं. नदीची वाट बंद झाली. तहानलेली भुरी कुंपणाला भिडली, तर आतून कुत्री धावून आली.

कळप डोंगराकडे निघाला.

"आपण परत कधी यायचं?" भुरीने विचारलं.

काजळी नुसती भराभर चालत राहिली.