पिलांवरची मरळ

गोष्ट सांगा, गोष्ट सांगा म्हणून सकाळपासून डोकं खाल्लंय माझं. सांगतो. पण मधे कुणी तोंड उघडायचं नाही.

एका गावात तळ्याकाठी एक भोई राहायचा. त्या तळ्यात मरळ मासा होता. दर पावसाळ्यात मरळीला पिलं व्हायची. बारकी, लालभडक. पाण्यावर कुंकू सांडावं तसा त्यांचा घोळका फिरायचा आणि खाली आईबाप राखण करायचे. जवळ काही आलं की अंगावर धावायचे. गळाला लावलेल्या बेडकावरसुद्धा. म्हणून गावाचा रिवाज होता, पिलांवरची मरळ धरायची नाही.

एका पावसाळ्यात भोयाची बायको बाळंत झाली. अंगात त्राण नाही, दूध उतरेना, पोर रडून रडून दमलं. सुईण म्हणाली, "मरळीचा रस्सा पाज तिला."

भोई दिवसभर गळ टाकून बसला. काही लागलं नाही. शेवटी त्यानं घोळक्यावर गळ टाकला. आई धावली, अडकली. रस्सा झाला, बायकोला दूध आलं, पोर निजलं. गावात कुणी त्याला बोललं नाही. काय बोलणार?

पण थोड्या दिवसांनी गडी पुन्हा गळ घेऊन निघाला. काठावर म्हातारी आत्या धुणं धूत होती.

"आता कशाला रे? बायको तर हिंडायला लागली की तुझी."

"उरलेला रस्सा मी चाखला, आत्या. चव जाईना तोंडातून."

"अरे, एकटा बाप राहिलाय तो पिलांवर. तोही तुझ्यासारखा बापच."

"मी काय बोलवायला जातो त्याला? तोच येतो धावून."

आला धावून, आणि अडकला. दुपारपर्यंत बगळ्यांनी अन् पाणसापांनी सगळी पिलं संपवली. भोयाचं बघून बाकीचेही तसंच करू लागले.

पुढं भोयाला दुसरं पोर झालं. पुन्हा दूध उतरेना. भोई रोज गळ टाकून बसला. तळ्यात मरळच नव्हती. आत्यानं शेळीचं दूध बोंडल्यानं पाजून पोर जगवलं.

तात्पर्य: गरजेपुरतं घेतलं तर तळं पुन्हा देतं. जिभेसाठी ओरबाडलं, की गरजेच्या दिवशी हात रिकामा.

हेच मी गेल्या श्रावणात काठावर उभा राहून सांगत होतो, तेव्हा घोळक्यावर गळ टाकता टाकता मला खुळा म्हातारा म्हणाला आणि अजून माफी मागायला आला नाही, तो शेजारचा पुंजाराम.