कातींची सभा

त्या मुलखात कुणी स्वतःहून काही ठरवत नसे. ठरवायचे काम वठलेल्या उंबराच्या ढोलीत होई, आणि ढोलीत जे ठरे ते मुंगीपासून रानडुकरापर्यंत सगळे मानत. झऱ्याचे पाणी कुठल्या वाटेने सोडायचे, वारुळाने किती उंच वाढायचे, खचलेली पायवाट कुणी नीट करायची, असल्या रोजच्या बारीकसारीक गोष्टींसाठी तिथे सभा भरे. मोठ्या गोष्टी त्या मुलखात घडत नसत, किंवा घडल्या तरी सभेपुढे येत नसत.

सभासद पाच होते: धामण, घोरपड, सरडा, सापसुरळी आणि कोळी. पाचही कात टाकणाऱ्या जातीचे. फार पूर्वी एकदा घोरपडीला बाहेर काही काम निघाले, तेव्हा ती आपली कात आसनावर ठेवून गेली. जाताना म्हणाली, "मी आहे असंच समजा." बाकीच्यांनी तसे समजून घेतले, आणि मग सोय कुणाला नको असते? एकेकाला कामे निघत गेली. शेवटी ढोलीत पाच आसने, पाच काती आणि चिटणीस सुतारपक्षी एवढेच उरले. तरी सभा एकदाही चुकली नाही, याचा सुताराला फार अभिमान होता.

तो चोचीने खोडावर टकटक करी की सभा सुरू. पुन्हा टकटक की संपली. मधल्या वेळात माना बघणे हे त्याचे काम. मान वरखाली हलली तर मंजूर, आडवी हलली तर नामंजूर, हललीच नाही तर सभासद विचार करताहेत. ढोलीला दोन भोके होती, एक वर आणि एक बाजूला. दोन्ही सुतारानेच तरुणपणी किड्यांच्या शोधात पाडलेली. पावसाळ्यात वारा वरून घुसे, म्हणून पावसाळ्यात मागाल ते मंजूर होई. उन्हाळ्यात तो बाजूने येई आणि काहीच मंजूर होत नसे. पावसाळ्यात अर्थात कुणी पाणी मागायला येत नसे.

दुर्पदा नावाची एक भेकीण, म्हणजे बेडकी, या उंबराकडे कधी फिरकली नव्हती. झऱ्याजवळच्या डबक्याकाठी तिचा संसार. तिने अंडी घातली तेव्हा डबके पावसाच्या पाण्याने काठोकाठ होते. अंड्यांतून काळी, शेपटीची पिल्ले निघाली आणि पाणी आटायला लागले. वर झऱ्याला दोन फाटे फुटत. तिच्याकडे येणारा फाटा जास्त उताराचा, पण त्याच्या तोंडावर दगड होता, सभेनेच केव्हातरी बसवलेला. त्यामुळे सगळे पाणी दुसऱ्या फाट्याने खाली जाई. खाली कुठे, ते दुर्पदाने कधी पाहिले नव्हते.

दगड हलवणारे खेकडे. ते म्हणाले, "आम्हाला काय गं, आत्ता ढकलतो. ठराव आण."

पाय फुटलेले पिल्लू कोरड्यावर उडी मारून जगते. बिनपायाचे जागच्या जागी वाळते. दुर्पदाला जास्त काही नको होते. पिल्लांना पाय फुटेपर्यंत पाणी, एवढेच.

उंबराकडे जाताना ती वाटेत दोनदा थांबली. भेकीच्या जातीने धामणीसमोर आपल्या पायांनी जाऊन उभे राहायचे, म्हणजे काही थट्टा नव्हे. ढोलीत शिरल्यावर तिने नजर वर केलीच नाही. खालमानेनेच ती बोलली: पिल्ले, पाणी, दगड. बोलून झाले तरी कुणी काही म्हणेना. तिने हळूच वर पाहिले. धामण पहिल्या आसनावर होती. तिच्या डोळ्याच्या भोकातून मुंग्यांची रांग आत जात होती आणि जबड्यातून बाहेर येत होती. घोरपडीची कात तुकड्यातुकड्यांनी निघालेली, ती सुताराने डिंक लावून जोडली होती. त्या दिवशी वारा पडलेला होता. एकही मान हलली नाही.

"सभासद विचार करताहेत," सुतार अदबीने म्हणाला. "पुढच्या सभेला या."

"पर हितं कुणीच न्हाई की!"

"असं कसं? पाचही हजर आहेत." त्याने टकटक केली आणि सभा संपली.

दुर्पदा धीराची होती. सभासद इथे नसले तर घरी असतील, भेटून सांगू, असे तिने ठरवले. धामणीच्या बिळात उंदरांनी संसार थाटला होता आणि उंदरांची पोरे दारातच लोळत होती. धामण म्हणजे काय, हेच त्यांना माहीत नव्हते. घोरपडीच्या कपारीत पांढरी पडलेली हाडे होती. सापसुरळीचा पत्ता कुणालाच सांगता आला नाही. सरडा तेवढा भेटला, कुंपणाच्या निवडुंगावर, भर उन्हात. अंगाचे पार खोबरे झालेले.

"मामा," ती म्हणाली, "माझ्या दगडाचं तेवढं बघा की."

सरड्याने मान वरखाली हलवली. एकदा, दोनदा, मग हलवतच राहिला. दुर्पदाच्या डोळ्यांत पाणी आले.

"लई उपकार झाले, मामा."

"उपकार कसले," सरडा म्हणाला. मान हलतच होती, त्यामुळे शब्द तुटत होते. "मी नाही हलवत, बाई. तू मला काय विचारलंस तेही मी नीट ऐकलं नाही." त्याने पुढचे पाय निवडुंगावर घट्ट रोवले. "तिकडे ती बसलीय ना, तिला विचार."

म्हातारपणी डोके फिरते एखाद्याचे, असे म्हणून दुर्पदा परतली. परतताना तिला उगाचच मागे बघावेसे वाटले. कुंपणावर वारा अजिबात नव्हता आणि सरड्याची मान आता आडवी हलत होती.

पुढच्या सभेला वारा होता. बाजूच्या भोकातून तो आत आला आणि सगळ्या काती एकदम आडव्या डोलल्या. कोळ्याची कात फार जुनी होती. ती डोलता डोलता भुगा होऊन खाली पडली.

"नामंजूर," सुतार म्हणाला. "एकमतानं."

दुर्पदा चिडली. इतके दिवस दाबून धरलेले सगळे बाहेर पडले. "अवो सुतारदादा, धामण मेली! घोरपडीची हाडं बघून आले मी. ह्यो नुसता वारा हाय. तुमीच पाडलेल्या भोकातनं येतोय. डबकं आटाय लागलंय. तुमीच एक सबूद टाका की, दगड काढा म्हनून. खेकडं तयार हायेत."

सुतार एक पाऊल मागे सरकला. तो दुष्ट नव्हता, भित्रा होता.

"मी?" तो म्हणाला. "मी ठरवायचं? आणि चुकलं म्हणजे? नाही बाई, मी नुसता टकटक करतो." मग त्याने कोळ्याच्या रिकाम्या आसनाकडे पाहिले आणि त्याचा चेहरा उजळला. "एक जागा मात्र मोकळी झाली आहे. तुमची जातही कात टाकणारीच. तुम्हीच का बसत नाही?"

भेकी कात टाकतात, पण ती कुणाला दिसत नाही. सदरा काढावा तशी डोक्यावरून ओढतात आणि हातांनी तोंडात कोंबून गिळून टाकतात. दुर्पदाला तिच्या आईने लहानपणी बजावले होते, "आपली कात आपल्या पोटात गेली पायजे. मागं ऱ्हायली तर ती आपली ऱ्हात न्हाई." का, ते आईने सांगितले नव्हते. घरी येऊन दुर्पदाने डबक्याकडे पाहिले. पिल्ले मधल्या चिखलात एकमेकांवर चढून वळवळत होती. तिने आईची मनोमन माफी मागितली.

ती सभासद झाली त्या दिवशीही वारा बाजूनेच होता. सुताराने टकटक केली. काती आडव्या डोलू लागणार, तेवढ्यात दुर्पदाने भेकी फुगतात तसे अंग फुगवले, पार टरटरून, आणि खालून वर जोराने फुंकर मारली. धामणीची मान वर उचलली गेली आणि खाली आली. घोरपडीची, सापसुरळीची, सरड्याचीही. दुर्पदाने पुन्हा फुंकले. ढोलीभर सुकी सळसळ झाली. सुतार त्या वेळी छताकडे बघत होता.

"मंजूर," तो म्हणाला. "एकमतानं." वारा कुठून आला हे बघणे त्याचे काम नव्हते.

निघताना दुर्पदाने कात काढली आणि आसनावर बसवली. पातळ, आरपार दिसणारी, हातपायांसकट. बाहेर पडण्यापूर्वी तिने वळून पाहिले. कातीने हात मांडीवर ठेवले होते. आपण तसे ठेवले नव्हते, असे तिला वाटले. पण बाहेर खेकडे वाट बघत होते.

दगड निघाला. पाणी खळखळत डबक्यात आले आणि पिल्ले चिखलातून सुटून सैरावैरा पोहायला लागली. दुर्पदा काठावर बसून हसली, रडली, आणि कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली. जेवता जेवता लांबून टकटक ऐकू आली, आणि तिची मान हलली.

डास झटकला असेल, असे तिने स्वतःला सांगितले. मग दुसऱ्या दिवशी हलली. तिसऱ्या दिवशी बराच वेळ हलत राहिली, आणि तिला कुंपणावरचा सरडा आठवला. ती तशीच उंबराकडे गेली.

"माझी कात द्या."

"अवश्य," सुतार म्हणाला. "सभासद उठला की त्यानं मंजूर केलेले ठरावही उठतात, एवढं लक्षात असू द्या. दगड परत बसेल."

दुर्पदा आसनाकडे बघत उभी राहिली. पिल्लांच्या शेपटीशी नुकती कुठे बारीक गाठ धरली होती. तिथून पाय फुटतात. ती कातीला हात न लावता घरी आली. पाय फुटले की घेऊ, तिने मनाशी म्हटले. मान काय, हलते तर हलू दे.

एका दुपारी डबक्याकाठी एक अनोळखी भेकीण आली. तिच्या अंगावरचा चिखल सुकून तडकला होता. उन्हातून लांबून चालत आली असावी, कारण आल्या आल्या तिची नजर पाण्यावरच खिळली.

"अक्का," ती म्हणाली, "तुमी सभेत बसता असं कळलं. आमी खालच्या फाट्यावरच्या. आमच्याकडं पानी यायचं बंद झालंय. माझी समदी बिनपायाची हायेत अजून. सकाळी सुतारदादाकडं मागनं घातलं. ते म्हनले, आज दुपारीच सभा हाय, सभासदांना भेटून घ्या."

पाणी खाली जाते, ते कुठे जाते, हे आता दुर्पदापुढे चिखल माखून बसले होते. आपण पहिल्यांदा उंबराकडे निघालो तो दिवस तिला आठवला. आणि मग एक अगदी साधी गोष्ट तिच्या ध्यानात आली. इतकी साधी, की ढोलीत ती कधी कुणाला सुचली नसती. दगड पुरता काढायचा नाही आणि पुरता बसवायचाही नाही. थोडा सरकवायचा. थोडे पाणी इकडे, थोडे तिकडे. दोघींची पिल्ले जगतील. त्यासाठी सभा नको, ठराव नको. खेकडे इथेच आहेत, दोघींनी मिळून हात लावला तरी दगड तेवढा हलेल. तिला एकदम हलके वाटले. ती पुढे सरली, त्या बाईच्या अंगावरचा चिखल हाताने पुसायला. तिने बोलायला तोंड उघडले.

लांबून टकटक ऐकू आली.

दुर्पदाची मान आडवी हलली. सावकाश, एकदा इकडे, एकदा तिकडे. तिने ओरडायचा प्रयत्न केला, पण घशातून नुसती सुकी सळसळ आली. काठावरचे गवत स्थिर होते. पाण्यावर तरंग नव्हता.

अनोळखी भेकीण थोडा वेळ त्या मानेकडे बघत राहिली. तिने दुसऱ्यांदा विचारले नाही.

"बरं," ती म्हणाली. "तुमी तरी काय करनार." आणि आली त्या वाटेने खाली निघाली.

दुर्पदाने मान थांबवण्यासाठी ती दोन्ही हातांनी घट्ट धरली. मग तिचे हात हळूहळू मानेवरून सुटले, खाली आले आणि मांडीवर जाऊन बसले.